गोदूबायचं काम मोजायला आले तेव्हा

गोदूबायबद्दल लोक काय वाटेल ते बोलतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते. मी मैना. आमच्या खाडीकाठी कोळंबी सोलायची शेड आहे. तिथे गोदूबाय आणि मी एका टेबलाला, एकाच बर्फात हात घालून कामाला होतो. त्यामुळे मला जे दिसलं ते टेम्पोत मागे बसून खिदळणाऱ्या बायांना दिसलं नाही, आणि खुर्चीत बसून लिहिणाऱ्या साहेबाला तर नाहीच नाही.

बाई उंच, काटक, काळी कुळकुळीत. गुडघ्यापर्यंत लुगडं, त्यावर शेडचं प्लास्टिकचं एप्रन, आणि तोंड म्हणाल तर देवा रे! सकाळी टेम्पो उशिरा आला की ड्रायव्हरच्या सात पिढ्या नाक्यावरच उद्धरायची. पण कोणाच्या घरी बारसं असो की मयत, पहिला तांब्या घेऊन हीच उभी. मला दुसऱ्या बाळंतपणात ताप भरला तेव्हा माझ्या सासूच्या आधी ही आली, आणि माझ्या सासूलाच दोन शब्द सुनावून गेली. सासूने पुढे महिनाभर तोंड फुगवलं होतं.

तिचं सासर म्हणजे आमचंच गाव, आत, डोंगराच्या अंगाला, भाताचं. येसूबाई म्हणून तिची सासू होती, भारी कडक. तिने गोदूबायला लावणीत एक गोष्ट शिकवली होती. बांधावर परकं माणूस येऊन उभं राहिलं, पाहुणा म्हणा, तलाठी म्हणा, की पाठ सरळ करायची नाही. उलट हात दुप्पट चालवायचा. परक्या माणसाने आपल्या शेतात पाहिलेली बाई त्याच्या गावी जाऊन बोलली जाते, असं येसूबाईचं म्हणणं. मग पाहुणा बांधावरून हलला की खुशाल चिखलात बसा आणि कंबर दाबा. गोदूबाय हे आम्हाला हसत हसत सांगायची. आम्ही पण हसायचो. आमच्या घरीही थोडंफार असंच होतं, फक्त आम्ही ते इतकं मनावर घेतलं नव्हतं.

पुढे ते शेत कंटेनरच्या यार्डात गेलं. आलेल्या पैशातून पुरुषांच्या मोटारसायकली आल्या, घरांवर स्लॅब चढले. बायांना काय मिळालं? शेडवर न्यायला टेम्पो! गोदूबायचा नवरा आधीच वारलेला. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, उलव्याला बायको-मुलांसकट भाड्याने राहतो. त्याच्याकडे मागायचं नाही, हा हिचा हट्ट. स्वतःच्या चुलीचं स्वतः कमवायचं.

शेडचं काम म्हणजे असं. बोटीवरची कोळंबी बर्फात येते. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा, मांस टबात. दिवसभर. पैसे किलोवर. हात चालले तर चूल पेटते, नाही तर नाही. कोळंबीच्या पाण्याने बोटांची कातडी उतरते, मग रात्री तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायचं. हातमोजे होते, नाही असं नाही. माल घेणाऱ्या कंपनीची माणसं बघायला यायची त्या दिवशी ते कपाटातून निघायचे आणि संध्याकाळी परत कपाटात जायचे. मोजे घालून सोलणं जमतही नाही, हात अर्ध्यावर येतो. मुकादम बाळाजी म्हणायचा, "घाला गो, फोटोपुरते घाला." आम्ही घालायचो.

त्या टेबलावर गोदूबाय राणी होती. बोटं दिसायची नाहीत तिची. एका हाताने डोकं मोडलं असं म्हणेपर्यंत दोरा बाहेर. नवीन पोरीला बाळाजी तिच्यासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, बघ आणि शीक. पण मी शेजारी होते, म्हणून मला ठाऊक. शेवटच्या हिवाळ्यात सकाळी तिची बोटं वळत नसत. गोदूबाय ती काखेत दाबून धरायची, फुंकर मारायची, बाळाजीची पाठ फिरली की चहाच्या गरम ग्लासाला लावायची. दुपारनंतर हात सुटायचा आणि मग ती सकाळचं भरून काढायची. डबा खायला उठायची नाही. मी काही बोलले की म्हणायची, "तुझं तू सोल."

त्याच हिवाळ्यात शिवानी मॅडम आली. पनवेलची मुलगी, किमान वेतनावर अभ्यास करत होती, पीएचडी का काय म्हणतात ते. शेडबाहेर टेम्पोची वाट बघत असायचो तिथे येऊन बसायची. पोरगी बरी होती, नाक मुरडायची नाही, वासाने कधी तोंडाला ओढणी लावली नाही. प्रश्न मात्र एकेक नमुने. कामाच्या ठिकाणी विश्रांतीची खोली आहे का, म्हणाली. आमच्या शेडवरची तुळशी म्हणाली, "हाय की, मॅडम, मेल्यावर देतात." एवढी हसलो आम्ही. ती पण हसली.

तिनेच आम्हाला कायदा समजावला. काम किलोवर असलं तरी पूर्ण दिवस भरला की बाईच्या हातात सरकारने ठरवलेल्या रोजापेक्षा कमी पडता कामा नये. हात जलद असो की हळू. बाई दिवसभर उभी राहिली ना, मग तो रोज तिचा. आम्हाला आधी खरंच वाटेना. शेडचा मालक, शेठ, म्हणायचा ना, सोला आणि घ्या, आम्ही कुठे अडवतो?

त्या दिवशी परतताना नाक्यावर उतरल्यावर गोदूबायने मला बाजूला घेऊन विचारलं, "मैने, म्हंजे हात चालला न्हाय तरी रोज मिळतो?"

"तसं कायद्यात आहे म्हणे," मी म्हटलं.

"मंग मी अजून दोन-चार वरसं काढीन," ती म्हणाली. तिचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. सगळ्या शेडमध्ये हा कायदा जर कोणाला खरोखर हवा होता, तर तो तिला. आम्ही बाकीच्या तरण्या होतो, वर काही मिळालं तर बरं एवढंच. तिचं मात्र पुढचं जगणं त्यावर होतं.

युनियनच्या माणसांनी आणि शिवानीने मिळून तक्रार घातली. कामगार खात्याकडे तारखा सुरू झाल्या. शेठचा वकील म्हणाला, आमचा किलोचा दर पुरेसा आहे, साधारण बाई दिवसभरात सहज रोजाच्या वर कमावते, कमी पडतं ते आळशी बायांना. आमच्या बाजूने म्हटलं, खोटं. मग खात्याच्या साहेबाने ठरवलं की आपण स्वतः शेडवर येऊन बघायचं. एक बाई एक पूर्ण दिवस किती सोलते ते मोजायचं आणि त्यावरून निकाल लावायचा. बाई कोणती, ते दोन्ही बाजूंनी मिळून सांगायचं.

युनियनवाल्यांनी गोदूबायचं नाव दिलं. वयस्कर बाई, केस पिकलेले, बघणाऱ्याला दया येईल असा त्यांचा हिशेब. आणि शेठ लगेच हो म्हणाला. शेठ कधी कशाला लगेच हो म्हणत नाही. बाळाजीने त्याच्या कानात काय सांगितलं असेल ते मला न सांगता कळलं. अहो, बाळाजी पण आमच्याच गावचा. येसूबाईच्या बांधाची गोष्ट त्यानेही ऐकलेली.

आदल्या संध्याकाळी शिवानी गोदूबायच्या ओट्यावर येऊन बसली. "आजी, रोजच्यासारखंच करा. घाई नको, मुद्दाम हळूही नको. बोटं दुखली तर थांबा, पाणी प्या, डबा खा." ती गेल्यावर आम्ही बायांनी आमचं सुरू केलं. तुळशी म्हणाली, "रोजच्यासारखं कशाला? चांगली हळू कर. पाय दुखतात म्हण, दोनदा बाहेर जा." गोदूबाय मान डोलवत होती. "व्हय गो, कळतंय मला. मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

सकाळी साहेब आला. भला माणूस होता, उगाच का खोटं बोलू? बाळाजीने त्याला टेबलाच्या टोकाला खुर्ची दिली, चहा दिला. वकील होता, शिवानी होती, शेठचा भाऊ होता. कोळंबी आली ती पण निवडक, मोठी, ताजी, साल पटकन सुटणारी. साहेबाने घड्याळ बघितलं. आणि मेला बाळाजी गोड आवाजात म्हणाला, "गोदूबाय, साहेब लांबून आलेत तुझं काम बघायला. दाखव जरा आपल्या गावची बाई कशी असते ती."

मी तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय काढून घेतला.

पहिल्यांदा ती हळूच होती. चार-पाच कोळंब्या सावकाश सोलल्या, माझ्याकडे बघितलं. मग साहेब खुर्चीतून जरा पुढे वाकला. बस्स! तिची पाठ ताठ झाली, खांदे खाली आले आणि हात सुटला. मी असा हात आयुष्यात बघितला नाही, तिचासुद्धा नाही. टब भरला की ती मान न वळवता ढकलायची आणि दुसरा ओढायची. डब्याच्या वेळी मी म्हटलं, "गोदूबाय, जेवायचं ना?" ती माझ्यावर खेकसली, "माणसं बसलीत, दिसत न्हाय?" शिवानी दोनदा जवळ आली, "आजी, थांबा ना जरा," असं म्हणाली. गोदूबायला तर ती दिसलीच नाही. बोटांतून रक्त आलं, बर्फ गुलाबी झाला, तरी हात थांबेना. पलीकडच्या टेबलावरच्या बाया काम सोडून बघत राहिल्या. तुळशीने कपाळाला हात लावला.

संध्याकाळी वजन झालं. साहेब उठून उभा राहिला आणि तिला म्हणाला, "वा, आजी! कमाल आहे तुमची." गोदूबायने पदराने तोंड पुसलं. खुदकन हसली. त्या क्षणी ती खूष होती हो, खरंच खूष होती. काय करायचं अशा बाईला? मला तिला मिठी मारावीशी वाटत होती आणि दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या.

टेम्पोत बसल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. तिनेच शेवटी विचारलं, "लई झालं काय गो?" तुळशी बाहेर बघत राहिली.

त्या रात्री तिची बोटं सुजून आली. मी भाकरी घेऊन गेले तर तिला तुकडा मोडता येईना, मी भरवला. "उतरंल," म्हणाली. सूज उतरली, पण पकड परत आली नाही. दोनच दिवसांनी पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली, शेडला कुलूप. बाया आपापल्या घरी. त्यामुळे तिच्या हातांचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तिला अलिबागला डॉक्टरला दाखवलं. मनगटात नस दबली आहे, बर्फात हात घालायचा नाही, म्हणाला. ती त्यालाच उलट म्हणाली, "मंग काय चुलीत घालू?"

इकडे शिवानी खटपट करत होती. तिने लिहून दिलं की तो दिवस काही खरा दिवस नव्हता, बाईने जेवण घेतलं नाही, हाताला जखमा होईपर्यंत काम केलं, माल निवडक होता. तिच्या अभ्यासात कितीतरी शेडचे आकडे होते, तेही दिले. वकील म्हणाला, कागदावरचे आकडे काय सांगता, साहेबांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. बरीच ओढाताण झाल्यावर साहेब पुन्हा एकदा मोजायला तयार झाला. नारळी पौर्णिमेनंतर शेड उघडेल तेव्हा. पण बाई तीच हवी, म्हणाला, म्हणजे ताडून बघता येईल.

गोदूबायला पुन्हा संधी मिळाली म्हणून आम्हाला केवढा आनंद! तुळशीने तिच्या हाताला धरून बजावलं, "या बारीला चूक करू नको. तुझ्या येसूबाईला घरी ठेवून ये." ती हसली. माझ्याकडे बघितलं नाही.

तो दिवस मी विसरणार नाही. सगळं तेच होतं, खुर्ची, चहा, वकील. बाळाजी तेच गोड बोलला. गोदूबायने बर्फात हात घातला, कोळंबी उचलली आणि ती बोटांतून सटकली. दुसरी उचलली. डोकं मोडायला अंगठा लागतो, अंगठा वळेना. तिने दातांत ओठ धरला. पहिल्यासारखीच पाठ ताठ, खांदे खाली, सगळं अंग जोर लावत होतं, फक्त बोटं येत नव्हती. ती हळू काम करत नव्हती. जीव तोडून करत होती. घाम कपाळावरून टबात पडत होता. एकदा तिने दोरा काढायला कोळंबी तोंडाकडे नेली, दाताने धरायला, मग माणसं आहेत हे आठवून खाली ठेवली. माझे डोळे भरून आले, मी मान खाली घातली.

मला बोलायची मनाई होती. शेजारच्या बाईने मध्ये बोलायचं नाही, असं साहेबाने आधीच सांगितलेलं.

दुपारपर्यंत टबाचा तळ जेमतेम झाकला. वकील उठला. "साहेब, हीच बाई ना? हेच हात? पावसाळ्यात काय झालं यांना? हे सरळ नाटक आहे." शिवानी मी सकाळी हळूच दिलेली डॉक्टरची चिठ्ठी दाखवू लागली. वकील म्हणाला, चिठ्ठी काय, कोणीही देतं. साहेबाने गोदूबायला विचारलं, "आजी, हात दुखतोय का?"

सगळी शेड बघत होती. बाळाजी बघत होता. नवीन मोसमाचा पहिला दिवस, आणि बाळाजी त्याच दिवशी ठरवतो की कोणाला टेम्पोत घ्यायचं आणि कोणाला नाही. गोदूबाय म्हणाली, "न्हाय, साहेब. हात चांगला हाय माझा."

साहेबाने लिहून घेतलं.

आणि टेम्पोत काय झालं, ऐका. बाया तिच्यावर अक्षरशः उड्या मारत होत्या! "वा गो गोदूबाय, काय केलंस! तो अंगठा काय वाकडा केलास! घाम कसा आणलास गो? वर डॉक्टरची चिठ्ठी पण!" तुळशीने तिची नक्कल करून दाखवली, बोटांतून रुमाल सटकवून. सगळा टेम्पो हसत होता. गोदूबाय पण हसली. मी उठून काही बोलणार तेवढ्यात तिने मनगटाने माझा गुडघा दाबला.

घराशी उतरल्यावर कडी मी काढली, तिला निघत नव्हती. आत गेल्यावर ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. "मैने," म्हणाली, "शेडवर कोणाला बोलू नको. नाटकी म्हणू दे. गोदूचे हात गेले म्हणायला नको. बाळाजीला कळलं तर तो मला टेम्पोला हात लावू देणार न्हाय."

मी शपथ घेतली. शेडवर नाही बोलले. तुम्ही काही शेडवरचे नाही.

निकाल आला. पहिल्या दिवसाचं काम खरं धरलं. दुसऱ्या दिवशी बाईने मुद्दाम हळू काम केलं, असं लिहिलं. किलोचा दर योग्य ठरला. तक्रार गेली. शिवानीने वर अपील करायचं ठरवलंय, तिच्या पुस्तकात हे सगळं येणार आहे म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. आणि बाळाजी? त्याने गोदूबायला टेम्पोत घेतलंच नाही. साहेबासमोर शेडची फसवणूक करणारी बाई आम्हाला नको, म्हणाला.

मुलगा येऊन तिला उलव्याला घेऊन गेला. त्या सकाळी टेम्पो सुटायच्या आधी सगळ्या बाया तिच्या अंगणात आल्या. कोणी लाडू आणले, कोणी सुकट बांधून दिली. तिच्यावर जीव होता हो सगळ्यांचा. तुळशीने तिला कुंकू लावू का विचारलं, मग विधवा आहे हे आठवून नुसतीच गळ्यात पडली. रडता रडता म्हणाली, "राग येऊ देऊ नको गो, पण एक सांगते. तू जरा जास्तीच केलंस. थोडी कोळंबी सोलली असतीस, थोडी सोडली असतीस, तर साहेबाला खरं वाटलं असतं. आपला रोज गेला गो."

मी गोदूबायकडे बघितलं. हात तिने पदराखाली घेतले होते.

"व्हय गो, चुकलंच माझं," ती म्हणाली. "मला नाटक जमलं न्हाय."

बाया हसल्या, डोळे पुसले. मुलगा रिक्षातून हाक मारत होता. मी तिची पिशवी उचलली आणि रिक्षात नेऊन ठेवली, कारण ती तिला उचलता येत नव्हती.